चुकून आलेल्यांची खुर्ची

अन्याय झाला तो खंडूअण्णांवर. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खुर्च्या विकणाऱ्या बेळ्ळंदूरच्या एका कंपनीने अण्णांनी तयार केलेलं एक पान त्यांना न विचारता पुसून टाकलं. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण तेव्हा मी त्यांच्याच खोलीत एका पोस्टरसाठी त्यांच्या मागे लागून बसले होते. कंपनीचं नाव मी इथे देत नाहीये. अण्णांनी तशी शपथ घातली आहे. माझी पत्रकं ज्यांच्या हातात आजवर पडली, त्यांना कळेल की ही शपथ मला किती जड जातेय.

पान कसलं, ते आधी सांगते. इंटरनेटवर पत्ता टाकताना आपलं एखादं अक्षर चुकतं, किंवा आपण कुठलीतरी जुनी लिंक दाबतो, आणि पडद्यावर येतं: पान सापडलं नाही. जणू आपण कुणाच्या घरात चोरी करायला शिरलो आणि रखवालदाराने कॉलर धरली. बाकीचे वेब डिझायनर या पानाला पाच मिनिटं देतात. खंडूअण्णा अख्खी वेबसाइट आठवड्याभरात उरकतात आणि या एका पानाला तीन आठवडे लावतात. गिऱ्हाईक फोन करून करून थकतं. साइट झाली का? झाली. मग द्या ना. 'स्वल्प थांबा,' अण्णा म्हणतात, 'चुकून येणाऱ्यांची सोय अजून व्हायचीय.'

खंडूअण्णा म्हणजे खंडोजी राव. वय पन्नाशीच्या अलीकडचं, मिशी पलीकडची. बेंगळूरुच्या मल्लेश्वरममध्ये आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते आणि ते माझ्या डोक्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत. मी नागपूरची, इथे येऊन तीन वर्षं झाली. त्यांचं घराणं इथे कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. विचारलं की म्हणतात, 'आमचे लोक फौजेबरोबर घोड्यावरून आले. फौज पुढं गेली, आम्ही कॉफीला थांबलो.' मला ते मोर्चाबाई म्हणतात. मी पादचाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करते, म्हणजे फुटपाथवर फुटपाथ असावा एवढंच मागते. सकाळी जिन्यात भेटले की 'काय मोर्चाबाई, तिंडी झाली का?' असा पहिला प्रश्न. तिंडी म्हणजे नाश्ता. तो दुपारी चार वाजता विचारला तरी त्यांना काही वावगं वाटत नाही.

ते कुणाच्या नोकरीत नाहीत. एकटे काम घेतात, एकटे करतात. त्यामुळे त्यांना साहेब नाही, शिपाई नाही आणि शहाणपणा शिकवणारंही कोणी नाही. परिणाम काय होतो ते बघा.

नवीन साइटचा आराखडा लोक कॉम्प्युटरवर करतात. अण्णा तो गच्चीवर करतात, तांदळाच्या पिठाने. दहा बाय सहा फुटांची रांगोळी. वर नाव, बाजूला यादी, खाली 'संपर्क करा'चा चौकोन. मग गिऱ्हाइकाला बोलावतात, चपला काढायला लावतात आणि चालायला सांगतात. दारातून शिरून माणूस तीन पावलांत 'संपर्क करा'वर पोहोचला पाहिजे. चौथं पाऊल पडलं की अण्णा फडकं घेऊन अर्धी वेबसाइट पुसतात. एचएसआर लेआउटमधून एकदा दोन स्टार्टअपवाले आले होते. उंच होते, अडीच पावलांत पोहोचले आणि खूश झाले. अण्णा म्हणाले, हे चालायचं नाही, तुमच्या गिऱ्हाइकांत बुटके असतील की. आणि मला खालून हाक मारली. मी पाच फूट. मला सहा पावलं लागली. त्या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांची कंपनी मीच बुडवली.

तांदळाचं पीठ असल्यामुळे त्यांच्या साइटवर हल्ले होतात. हल्लेखोर मुंग्या असतात. एका योगवर्गाच्या साइटचं अख्खं वेळापत्रक मुंग्यांनी दोन तासांत नेलं. अण्णांनी गिऱ्हाइकाला फोन करून गंभीरपणे कळवलं की शनिवार-रविवारच्या बॅचेस गेल्या, सोमवार थोडा शिल्लक आहे. त्या बाईंनी घाबरून पोलिसांत सायबर गुन्ह्याची तक्रार करायची तयारी केली होती.

हे झालं पोटापाण्याचं. बाकीचा वेळ कलेचा. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीवर ते वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतात: गिऱ्हाइकांनी नापसंत केलेले लोगो. प्रत्येक लोगो चिमट्याने टांगलेला, खाली पुठ्ठ्यावर नकाराचं कारण, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. 'माझ्या बायकोला हिरवा आवडत नाही.' 'हत्ती जाड दिसतो.' 'सगळं छान आहे, फक्त बदला.' गेल्या वेळी चार जण आले. त्यातली एक मी, एक घरमालकीण, एक तिची बहीण आणि चौथा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस. तो पाऊण तास थांबला, जाड हत्तीसमोर उभा राहून गदगदून हसला आणि मीटर न बघताच गेला. ते प्रदर्शन अण्णांच्या मते कमालीचं यशस्वी झालं.

चुकून येणाऱ्यांचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मी एकदा स्पष्टच विचारलं. त्याला कारण आहे बेंगळूरुचे घरनंबर. इथे प्रत्येक घराला एक जुना नंबर आणि एक नवा नंबर, आणि एकाचा नवा तो शेजारच्या गल्लीत दुसऱ्याचा जुना. अण्णांच्या लहानपणी त्यांच्या दारात रोज कोणीतरी चुकून यायचं. डॉक्टरला दाखवायला तपासण्यांच्या पिशव्या घेऊन आलेले, मुलगी बघायला आलेले, एकदा तर सबंध बँडवाले. अण्णांच्या आईचा नियम असा की चुकून आलेल्याला बसवल्याशिवाय, कॉफी दिल्याशिवाय पत्ता सांगायचा नाही. मुलगी बघायला आलेल्यांनी त्यांच्याकडे उप्पीट खाल्लं, अण्णांच्या बहिणीला पसंत केलं आणि मग खरा पत्ता विचारला. ती बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. 'त्यांना घाई नव्हती,' अण्णा म्हणतात.

मला हे सगळं पटतं असं नाही. आमच्या मोहिमेची साइट अण्णांनी केली, फुकट केली, त्याबद्दल आभार. पण लोक मुख्य पानावरच्या आमच्या मागण्या वाचण्याऐवजी मुद्दाम चुकीचा पत्ता टाकायला लागले, कारण त्या पानावर अण्णांनी एक उखडलेला फुटपाथ काढला होता, आणि त्यावर एक आजोबा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर उडी मारू का नको, या विचारात उभे होते. खाली लिहिलं होतं: 'फुटपाथ इथे संपला. तुमची चूक नाही.' मी भांडले. म्हटलं, अण्णा, लढा पहिल्या पानावर आहे आणि गर्दी शेवटच्या पानावर. ते म्हणाले, 'मग लढा तिकडं घेऊन जा की.' मी नेला. सह्या तिप्पट झाल्या. ही गोष्ट मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेली नाही.

आता त्या कंपनीकडे येऊ. ऑफिसात बसायच्या चाकांच्या खुर्च्या विकतात. पाठीला आधार, मानेला आधार, कमरेला आधार. त्यांच्या साइटवर अण्णांनी चुकून येणाऱ्यांसाठी काढली होती एक ओसरी, आणि तिथे एक साधी वेताची खुर्ची. हातांवरचा वेत जरा सुटलेला. खाली तीन भाषांत एकच ओळ: 'चुकलात वाटतं. असू दे. आधी बसा, मग बघूया.' झालं असं की ज्यांनी ज्यांनी ते पान पाहिलं त्यांनी कंपनीला फोन करून हीच खुर्ची मागितली. किंमत काय, रंग कोणते. कंपनीने आपल्या मानेचे आणि कमरेचे आधार समजावून सांगितले. लोक म्हणाले, ते ठीक आहे, पण ती वेताची कधी मिळेल?

म्हणून त्या मंगळवारी फोन आला. केतन नावाचा मुलगा, पुण्याचा, तिथे मार्केटिंग बघतो. आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. सर, ॲक्च्युअली कन्फ्युजन होतंय, सेल्सची टीम वैतागलीय, सो आम्ही ते पेज काढलंय, आत्ताच, ओके ना. अण्णा म्हणाले, 'सरी,' म्हणजे बरं. फोन ठेवला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते उठले, माझ्यासाठी ठेवलेली कॉफी स्वतःच प्यायले आणि रिकामा पेला मला दिला.

मी निषेधाचा मजकूर तिथल्या तिथे लिहायला घेतला. अण्णा म्हणाले नको. मी म्हटलं, हे तुमचं एकट्याचं नाही, उद्या ते प्रत्येकाचं पान पुसतील. ते म्हणाले, असू दे. पण असू दे म्हणणारा माणूस त्यानंतर चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. रोज सकाळी सहाला माझ्या छतावर खुर्ची सरकल्याचा आवाज होतो, त्या आवाजाला मी वर्षभर शिव्या दिल्यात. त्या आठवड्यातही खुर्ची सहाला सरकायची, मात्र त्यानंतर काही नाही. पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज नाही, शीळ नाही. सोमवारी जिन्यात भेटले तर तिंडीचं विचारायला विसरले. तेव्हा मी ठरवलं की आजच शिष्टमंडळ न्यायचं.

शिष्टमंडळ म्हणजे मी आणि अण्णा. मल्लेश्वरमहून बेळ्ळंदूर हा प्रवास नाही, ती बदली आहे. निघताना अण्णांनी डब्यात चित्रान्न घेतलं होतं, ते रिंगरोडवर एकाच जागी उभ्या असलेल्या बसमध्ये आम्ही खाऊन संपवलं, आणि डबा धुऊन वाळेपर्यंत बस तिथेच होती. धुतला कुठे? शेजारच्या बसमधल्या बाईने खिडकीतून बाटली दिली.

केतन मला वाटला होता तसा निघाला नाही. लाजाळू, गोरटेला, गळ्यात कार्ड. त्याने आम्हाला त्यांच्या सर्वांत महागड्या खुर्च्यांवर बसवलं. मी मागण्या वाचायला सुरुवात केली: पान तात्काळ पूर्ववत करावं, कलावंताची लेखी माफी मागावी, यापुढे कुठलंही पान काढण्याआधी पंधरा दिवसांची सूचना द्यावी. दुसऱ्या मागणीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की अण्णा बुटके होत आहेत. त्यांचा हात खुर्चीच्या कुठल्यातरी दांडीवर पडला होता आणि खुर्ची सावकाश, आवाज न करता, खाली चालली होती. भिडेपोटी ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या मागणीला त्यांची फक्त मिशी टेबलावर होती.

केतनने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे म्हणाला, 'मॅडम, रागावू नका, पण त्या पेजवर येतं कोण? चुकून आलेले दोन-चार लोक. रोजचं असं कोणीच नाही.'

टेबलाच्या पातळीवरून अण्णा म्हणाले, 'एक जण येतं.'

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच सांगितलेलं नव्हतं.

वर्षभरापूर्वी कंपनीने एक आरामखुर्ची विकायची बंद केली आणि तिचं पान काढलं. तेव्हापासून कोणीतरी रोज सकाळी पावणेसातला त्या जुन्याच पत्त्यावर येतं. आरामखुर्ची तिथे नसते, त्यामुळे ओसरीवर पोहोचतं. चार मिनिटं थांबतं आणि जातं. कोण ते कळायला मार्ग नाही, साइटवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी एवढंच सांगतात की बेंगळूरु. पहिले दोन दिवस अण्णांना वाटलं चूक आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीशेजारी एक कॉफीचा पेला काढून ठेवला. त्या दिवशी ते माणूस सहा मिनिटं थांबलं. मग अण्णांनी रोज सहाला उठून काहीतरी बदलायला सुरुवात केली. एक दिवस खुर्चीच्या हातावर टांगलेली छत्री. एक दिवस अर्धं सोललेलं संत्रं. थंडीत, सोलायला घेतलेल्या अवरेकाईच्या शेंगांचं सूप. सगळं पावणेसातच्या आत. वर्षभर.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, अण्णा, ते माणूस नसेलच, एखादं यंत्र असेल. इंटरनेटवर अशी यंत्रं फिरत असतात हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

'यंत्र चार मिनिटं बसत नाही,' हे केतन म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. 'एकदा मला ताप होता. चित्र कालचंच राहिलं. त्या दिवशी तीनदा आलं.' आणि टेबलाकडे बघत म्हणाले, 'बरा आहे का, बघायला आलं असणार.'

माझ्या हातात चौथ्या मागणीचा कागद होता. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

केतनने लॅपटॉप ओढला आणि नोंदी उघडल्या. पान पुसल्यावर दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ते माणूस पावणेसातला आलं होतं. ओसरीच्या जागी आता 'एरर' आणि 'होमपेजवर जा' एवढंच होतं. दहा सेकंदांत गेलं. गुरुवारी पाच वेळा आलं. शुक्रवारी आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, त्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळीही नाही. केतनने तारखा दोनदा वर-खाली केल्या. मग आम्हाला काही न विचारता त्याने ते पान परत लावलं, फक्त त्या एका जुन्या पत्त्यावर, म्हणजे बाकी कोणाला दिसणार नाही आणि सेल्सला फोन येणार नाहीत. वरिष्ठांना मी बघतो म्हणाला. मग वाकून दांडी ओढली आणि अण्णांना वर आणलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं. येताना बसमध्ये मी अण्णांना सांगत होते की संघटित झालं की असं होतं. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि उद्या खुर्चीशेजारी काय ठेवावं, असं मला विचारत होते. मी म्हटलं, चष्मा ठेवा. ते म्हणाले, चष्मा ठेवला तर कोणीतरी विसरून गेलंय असं वाटेल. शेवटी पाण्याचा तांब्या ठरला.

ही तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. पान जागेवर आहे. रोज सहाला माझ्या छतावर खुर्ची सरकते, पेन्सिलीला टोक होतं. पावणेसातला वर सगळं शांत असतं, कारण अण्णा नोंदी उघडून बसलेले असतात. कोणी आलेलं नाही. एकदाही नाही. मी विचारलं की म्हणतात, गावाला गेलं असेल, येईल की. सकाळी आठपर्यंत अण्णांशी बोलायला या जगात कोणी नसतं. मी खालीच असते, पण मी आठला उठते. हल्ली साडेसहाला उठतेय. वर जाऊन नुसती बसते. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, तरी ते विचारतात, पेला डावीकडे बरा की उजवीकडे? मी डावीकडे म्हणते, ते उजवीकडे काढतात.

म्हणून हे लिहिलं. मागणी एकच आहे, आणि ती कंपनीकडे नाही, तुमच्याकडे आहे. त्या पानाचा पत्ता मी देणार नाही. ज्यांना तो हवा आहे त्यांच्याकडे तो वर्षभर होता. बाकीच्यांनी गंमत म्हणून तिथे जायचं नाही. अण्णा मोजत बसलेत, त्यांना खोटी आशा नको. पण तुम्ही बेंगळूरुत असाल, आणि तुमच्या घरात सकाळी लवकर उठून एकटंच फोन घेऊन बसणारं कोणी असेल, आई, सासरे, मागच्या खोलीतले काका, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा: तुम्ही रोज एका वेताच्या खुर्चीचं चित्र बघायचात का? मध्येच ते दिसेनासं झालं का? आजच विचारा. फोनवर नको, समोर बसून विचारा. आणि हो म्हणाले, तर सांगा की ती चूक त्यांची नव्हती, आणि उद्या पावणेसातला त्यांनी पुन्हा यावं.